काडेपेटीवर घासलेली सुई

पुलाखालच्या कट्ट्यावर एक माणूस काडेपेटीच्या कडेला इंजेक्शनची वापरलेली सुई घासत बसला होता. मी न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाला, "बोथट झालीय, ताई. नशा करणाऱ्यांसाठीच्या केंद्रात आधी नवी फुकट मिळायची. आता सरकारनं त्याचे पैसे बंद केले."

सुया वाटल्या की व्यसन वाढतं म्हणे! मग सुया बंद झाल्यावर याची नशा सुटली का? एकाच सुईनं एकाचा रोग दुसऱ्याच्या रक्तात जातो, हे पक्कं ठाऊक असूनही हात आखडता घ्यायचा आणि वर संस्कारांच्या गप्पा मारायच्या. लाज कशी वाटत नाही?

त्यानं स्वतः टोचून घेतलं, सुई पुन्हा नीट घासली आणि शेजारी बसलेल्या जोडीदाराच्या हातात दिली.

"घे," तो मायेनं म्हणाला, "आता दुखणार नाही."