रुसलेला कातो

लुकायाच्या हमरस्त्यावर बस थांबली की विक्रेते भाजलेल्या मांसाच्या काड्या घेऊन खिडक्यांवर तुटून पडतात. तिथून आत वळलं की मुत्याबाचा किबांडा, म्हणजे व्हिडिओघर, लागायचा. पत्र्याचं छप्पर, भिंतींना लव्हाळ्याच्या चटया, दाराला काळं गोणपाट, आत बाकं आणि समोर फळीवर टीव्ही. भर दुपारीही आत काळोख. मुत्याबा टीव्हीला लागून, लोकांकडे अर्धं तोंड करून बसायचा, हातात माईक, त्याचा आवाज वरच्या भोंग्यातून. चित्रपट कुठल्याही देशाचा असो, मूळ आवाज तो साफ बंद करायचा. पडद्यावरची माणसं काय बोलतात, का बोलतात, आणि पोटात काय लपवतात, हे सगळं मुत्याबा आमच्या लुगांडा भाषेत सांगायचा. अशा सांगणाऱ्याला लोक व्हीजे म्हणतात.

कुणी त्याला भाषांतर करणारा म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "भाषांतर कसलं डोंबलाचं? मला त्यांची भाषा येत नाही. मला माणसं कळतात." आणि कळायचीच. पिस्तूलवाला गुंड हसला की हा सांगायचा, "दात बघू नका, मान बघा. टरकलाय लेकाचा." थोड्या वेळाने तो गुंड खरंच पळ काढायचा आणि बाकं हसून डुलायची. चित्रपट आधी बघून ठेवणं मुत्याबाला कमीपणाचं वाटे. आपला पहिला अंदाज चुकत नाही, असा त्याचा तोरा होता.

पडद्यावरच्यांना तो गावातली नावं द्यायचा. दोन भाऊ दिसले की वास्वा आणि कातो. जुळ्या मुलग्यांची नावं शोधायला आमच्या बुगांडा मुलखात कुणाला डोकं खाजवावं लागत नाही. थोरला वास्वा, धाकटा कातो, आणि त्यांची आई जन्मभर नालोंगो. प्रत्येक वस्तीवर असे वास्वा-कातो सापडतील. त्यामुळे त्या दूर पूर्वेकडच्या चित्रपटात दोन कोळी भाऊ आले, तेव्हा मुत्याबाने ना विचार केला ना वाईट हेतू धरला. नावं तोंडून निघून गेली.

चित्रपट असा. कातो होडी घेऊन धुक्यात जातो. मग बराच वेळ नुसतं पाणी. पुढे तो घरी दिसतो. अंगणात उभा राहतो, उंबऱ्याशी उभा राहतो. ताट वाढलेलं असतं, जेवत नाही. मुत्याबाने जागच्या जागी निकाल दिला, "रुसलाय. आईने होडी वास्वाला द्यायचं ठरवलं, ते लागलंय त्याला." आणि कातोचे ओठ हलले तेव्हा त्याच्या वतीने बोलला, "आई, तू माझी बाजू घेतली नाहीस."

मागच्या बाकावर कुणीतरी चक् केलं. गावातल्या एका नालोंगोचा कातो गेल्या पावसात नालुबाले सरोवरात गेला होता, तो परत आला नव्हता. ना होडी मिळाली, ना देह.

दुसऱ्या दुपारी ती नालोंगो आली. बसूटीचा पायघोळ पोशाख नेसलेली, कमरेचा पट्टा घट्ट, हातात केळीच्या पानात बांधलेला, वाफवलेल्या कच्च्या केळ्यांचा मटोके. पहिल्या बाकावर बसली. कातो अंगणात आला तसं तिने पानाची पुरचुंडी टीव्हीखाली ठेवली.

"जेव रे," ती म्हणाली. "होडीचं चुकलं माझं."

त्या दुपारी कुणी हसलं नाही.

मग ती रोज येऊ लागली. रोज तोच चित्रपट. लोक कुरकुरत, पण नालोंगोला उठ म्हणायची कुणाची छाती नव्हती. झाडताना मुत्याबाला पान सापडायचं, पुन्हा नीट घडी घातलेलं, आत काही नसलेलं. उंदीर असतील, असं तो म्हणायचा. घडी घालणारे उंदीर त्याने कधी पाहिले नव्हते, ते मात्र बोलायचा नाही.

एका सकाळी तिचा जिता मुलगा वास्वा आला. रुंद खांद्याचा, मितभाषी कोळी. दारातच उभा राहिला.

"व्हीजे, निळ्या दोराचं तुला कुणी सांगितलं?"

"कसला दोर?"

"काल कातोच्या तोंडी तूच घातलंस. 'वास्वाने दिलेला निळा दोर तुटला.' सगळ्यांनी ऐकलं."

"मी असलं काही बोललो नाही."

"बोललास. त्या पहाटे दोर मी त्याच्या हातात दिला तेव्हा काठावर आम्ही दोघंच होतो. आईलासुद्धा मी ते सांगितलेलं नाही."

मुत्याबा उसळला, "मग मला काय विचारतोस? जा, त्याला विचार."

वास्वा रागावला नाही, उलट आदराने म्हणाला, "सेबो, ऐक. मरण अजून आमच्या घरात बसलंय. कुळ जमवून, केळ्यांची दारू वाटून, वारस बसवून ते बाहेर काढायचं, तर आई होऊ देत नाही. म्हणते, 'तो रुसलाय, राग गेला की येईल. मुत्याबा म्हणाला.' माझं लग्न अडलंय, ते एक वेळ जाऊ दे. ती सगळं अन्न तुझ्याकडे आणते. घरात घासभर खात नाही. तिची हाडं दिसायला लागलीत. तो रुसलाय हे तुला नक्की दिसतं का? एवढंच सांग."

"माझा अंदाज चुकत नाही," मुत्याबा म्हणाला.

पण वास्वा गेल्यावर त्याने जनरेटर लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक चित्रपट एकट्याने, तोंड मिटून पाहिला. आधी कातोचा चेहरा पाहिला. चेहऱ्यात रुसवा होता, नाही कोण म्हणेल? मग त्याने चेहरा सोडला आणि बाकीच्यांकडे पाहिलं. अंगणातली कोंबडी कातोच्या पायातून दाणे टिपत होती, बिचकत नव्हती. आई झाडत आली ती त्याच्या अंगावरूनच झाडत गेली. तो बोलला तेव्हा कुणाची मान वळली नाही. ताट त्याला वाढलेलंच नव्हतं. ते वास्वाचं होतं.

मुत्याबाने टीव्ही बंद केला. रोज सांगत होता, आणि रोज चुकीचं सांगत होता.

दुपारी बाकं भरली. नालोंगो पुरचुंडी घेऊन पुढे. वास्वा दाराशी. अंगणाचा प्रसंग आला आणि मुत्याबाने माईक तोंडाशी धरला, पण कातोच्या वतीने बोलला नाही.

"लोकहो, मी चुकलो. तो रुसलेला नाही."

"आता बदलतोस होय रे? फुकट दाखव मग," मागून कुणीतरी म्हणालं.

"गप बस. कोंबडी बघ. रुसलेला माणूस अंगणात आला तर कोंबडीसुद्धा बाजूला होते. ही झाली का? त्याची आई बघा, ती त्याच्यातून झाडतेय. ती त्याला टाळत नाहीये, तिला तो दिसत नाहीये. त्याला राग असता तर तो दूर राहिला असता, रोज उंबऱ्याशी कशाला आला असता? तो सांगायला येतोय."

नालोंगो वळली. "राग नाही त्याला?"

"नाही, नालोंगो. कुठल्याच प्रसंगात नाही. राग मी घातला."

"मग कुठे आहे तो?"

जुळ्यांतला एक गेला तर तो मेला असं आमच्यात कुणी तोंडाने म्हणत नाही. मुत्याबाने घसा साफ केला. "उडून गेला, नालोंगो. धुक्यातच. होडीवरून."

मुत्याबाने माईकचं बटण बंद केलं आणि तो मांडीवर ठेवला. पडद्यावर कातो उंबऱ्याशी आला. त्याचे ओठ हलले.

आणि भोंग्यातून आवाज आला. लुगांडात, हळू, ओलसर.

"माऽमा." आमच्यात आईला हाक अशीच मारतात.

मुत्याबाचं तोंड मिटलेलं होतं. पहिल्या बाकावरच्या सगळ्यांनी ते पाहिलं. दाराशी वास्वा खाली बसला.

"ऐकलं रे," नालोंगो म्हणाली. "ऐकलं. जा आता."

भोंगा खरखरला आणि गप्प झाला. तिने टीव्हीखालची पुरचुंडी उचलली, गाठ सोडली आणि तिथेच, त्या काळोखात, बोटांनी मटोके खायला लागली. दमून आलेलं माणूस खातं तशी, सावकाश, पान पुसून. निम्मा वास्वाच्या हातावर ठेवला.

"कुळातल्यांना निरोप धाड," ती म्हणाली. "केळ्यांची दारू घालायला आठवडा तरी लागेल."