सहावं पातं

लाँचमध्ये चढताना तुम्ही काय बघता? सावलीची जागा कुठं आहे, फळीला ओल आहे का, शेजारी कोण बसलंय, एवढंच ना? तिच्या कुशीला असलेल्या भोकातून पाणी बाहेर पडतंय की नाही, हे तुमच्यापैकी कितीजणांनी आयुष्यात एकदा तरी बघितलंय?

चाचा मिस्त्री आधी तेवढंच बघायचे. धक्क्यावर आले की कुणाला रामराम नाही, चहा नाही. लाँचच्या बाजूला उकिडवे बसायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, “मुतती का?” बायका तोंडाला पदर लावायच्या, पोरं खिदळायची. चाचांचा चेहरा तसाच. इंजिन थंड ठेवायला जलाशयाचं पाणी आत ओढलं जातं, फिरून तापतं आणि कुशीतून बाहेर पडतं. त्या धारेला त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

आमचं गाव उजनीच्या फुगवट्यावर, तीन बाजूंना पाणी. दवाखाना, कॉलेज, बाजार सगळं पलीकडच्या काठावर. लाँचनं अर्धा तास लागतो, रस्त्यानं वळसा घालून अर्धा दिवस. पूल होणार असं मी बोलायला शिकले तेव्हापासून ऐकते आहे. लाँच ठेकेदाराची, आणि ती बिघडली की सोलापुराहून एसटीनं चाचा यायचे, मांडीवर हत्यारांचा पत्र्याचा डबा घेऊन. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ट्रकच्या गॅरेजात काढली होती. पाण्यावरच्या इंजिनाचं त्यांना काय कळतं, असं कुणीतरी एकदा खोचकपणे विचारलं. चाचा म्हणाले, “इंजिनाला कुटं ठाऊक असतंय, खाली रस्ता हाय का पाणी?”

त्यांची कामाची एकच रीत होती. पाण्याच्या मागनं चालायचं. पाणी जिथून आत शिरतं तिथून सुरुवात, आणि जिथून बाहेर पडतं तिथं शेवट. मधलं काही गाळायचं नाही. आधी जाळी. तिच्यात जलपर्णीची मुळं, गुटख्याच्या पुड्या, एकदा तर लहान मुलाचा मोजा निघाला. मग नळी दाबून बघायची, मग पंप उघडायचा, मग इंजिनावरून हळूहळू तळहात फिरवायचा. लाँच चालवणाऱ्यानं एकदा घाबरून तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतलं आणि लोखंडाला तडा गेला. चाचा त्याला रागावले नाहीत. दुसरं इंजिन बसेपर्यंत त्याच्याशी बोललेच नाहीत, आणि ते त्याला जास्त लागलं.

माझ्या वडिलांशी मात्र ते खूप बोलायचे. आमच्या घरी भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. पाण्यात गेलेल्या जमिनींची पत्रकं, पुलाची पत्रकं, दवाखान्याची पत्रकं. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. चाचा वडिलांना ‘कागदवाले’ म्हणायचे. पंपाच्या झाकणाखाली बसवायला जाड कागदाचं पॅकिंग लागतं. ते आमच्या पत्रकातून कापायचे, ग्रीस लावून बसवायचे आणि वडिलांना सांगायचे, “कागदवाले, तुमचं लिवलेलं सरकारनं वाचलं न्हाय, पण पाणी अडवायला लई झ्याक हाय.” वडील पोट धरून हसायचे. मला तेव्हा राग यायचा.

आता एका रबरी नळीबद्दल लिहिलंच पाहिजे. धार धक्क्यावर उभ्या असलेल्यांच्या अंगावर उडायची, आणि चाचांच्या त्या शब्दामुळं टवाळ पोरं चढणाऱ्या बायकांना चिडवायची. पंचायतीत चर्चा झाली. टवाळांना कुणी एक शब्द बोललं नाही. धारेचीच लाज झाकायची ठरलं. ठेकेदारानं भोकाला नळी जोडली आणि तिचं तोंड पाण्याखाली सोडलं. सगळं सभ्य झालं. फक्त पाणी येतंय की थांबलंय हे कुणालाच दिसेना. इंजिनाच्या तापाचा काटा तर कधीच मेलेला होता.

चाचांनी नळी ओढून काढली. “हितं बाया बसत्यात, मिस्त्री,” ठेकेदार म्हणाला. चाचा म्हणाले, “म्हणून तर काढतो. मुतायचं थांबलं की माणूस मरतं. ही तर पन्नास माणसं घेऊन चालती.” पुढच्या खेपेला आले तर नळी परत जोडलेली. त्यांनी परत काढली. हे तीनदा झालं.

मागच्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. लाँच तापते म्हणून चाचांना बोलावलं. पंप उघडला तर आतला रबरी पंखा तुटलेला. त्याला सहा पाती असतात. चाचांनी तुकडे रुमालावर मांडले. पाच निघाले. नवा पंखा बसवला, वडिलांच्या पत्रकाचं पॅकिंग घातलं, इंजिन सुरू केलं, धार चांगली जाड आली. सगळ्यांनी हुश्श केलं. चाचा रुमालाकडेच बघत होते. सहावं पातं पुढं नळ्यांत कुठंतरी गेलंय, म्हणाले. सगळ्या नळ्या खोलायला दोन दिवस लागतील, तोवर लाँच उभी ठेवा.

ठेकेदार नाही म्हणाला, त्यात नवल नाही. बाजाराला निघालेले लोक कुरकुरले, त्यातही नाही. पण चाचांचा हात धरून बोलले ती मी. म्हणाले, “चाचा, उद्या माझा पेपर आहे. धार येतेय की. पेपर झाल्यावर खोला ना.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “हौ बेटी,” म्हणाले. ज्या माणसानं कधी मधलं काही गाळलं नव्हतं, त्यानं त्या दिवशी गाळलं. लाँच चालवणाऱ्याला बजावलं की नळी जोडू नको, धारेवर डोळा ठेव, बारीक झाली की बंद कर. पेपर झाला की निरोप धाड, असं ठेकेदाराला सांगितलं आणि एसटीनं गेले. ठेकेदारानं निरोप धाडला नाही. नळी मात्र दुसऱ्याच दिवशी जोडली. मीही विचारलं नाही. माझा पेपर चांगला गेला होता.

बाराव्या दिवशी सकाळी वडिलांच्या छातीत कळ आली. त्यांना लाँचमध्ये आडवं केलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. निम्म्या पाण्यात रबर जळाल्याचा वास आला, धूर आला आणि इंजिन जागच्या जागी आवळून बंद पडलं. वारा उलटा होता. दोन्ही काठ दिसत होते. मासेमारीची होडी येऊन आम्हाला दोर लावेपर्यंत तास गेला. वडील तोवर माझ्याशी बोलत होते, नंतर नव्हते.

चाचा तिसऱ्या दिवशी आले. कुणी बोलावलं नव्हतं. जाळीपासून सुरुवात केली आणि पाण्याच्या मागनं चालत गेले. इंजिनात शिरणाऱ्या नळीच्या वाकणात ते पातं आडवं बसलं होतं, नखापेक्षा थोडं मोठं. त्यांनी ते पुसून माझ्या तळहातावर ठेवलं. मग पंपाचं झाकण उघडलं. पत्रकाचं पॅकिंग शाबूत होतं. त्यावरचा ‘दवाखाना’ हा शब्द तेलातूनही वाचता येत होता.

“मी गाळलं,” चाचा म्हणाले.

मी म्हणाले, मीच सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली. “तू लेकरू. मिस्त्री मी होतो.”

त्यानंतर त्यांनी हत्यार धरलं नाही. दिवाळीनंतर मी सोलापुरात त्यांच्या घरी गेले, तर भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. डबा भाच्याला देऊन टाकला होता. त्यांनी एवढंच विचारलं, नळी काढली का? मी खोटं बोलले. काढली, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ओळखलं. या उन्हाळ्यात ते गेले. मला आठवड्यानं कळलं.

नळी काढा म्हणून मी पत्रक काढलं. जाड कागदावर. पंचायतीनं ते घेतलं आणि फाइलला लावलं. लाँचला नवं इंजिन बसलं, नवा मिस्त्री आला, तो मोबाइलवर बोलत काम करतो. नळी अजून पाण्याखालीच आहे. मी रोज तिच्याकडे बघते. पूल होईल असं मला वाटत नाही, दवाखाना होईल असंही नाही. या लिहिण्यानं नळी निघेल, असंही आता वाटत नाही.

तरी तुम्हाला एक मागते. पुढच्या वेळी कुठल्याही पाण्यावर लाँचमध्ये पाय ठेवण्याआधी वाका आणि तिच्या कुशीकडे बघा. धार दिसली नाही तर चढू नका, तुमचा पेपर असला तरी. आणि गप्प उभे राहू नका. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, चाचांच्याच शब्दात विचारा.