अपेनिसाची नऊ पानं

आमच्या बेटावरच्या लंबासा गावात बस स्टँडसमोर सुखराजी देवीचं टेबल एकोणीस वर्षं आहे. अर्ज, दाखले, ऑस्ट्रेलियात गेलेल्या लेकरांना पत्रं, सगळं ती टाइप करून देते. मी शेजारच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करतो, त्यामुळे तिच्याकडे कोण आलं आणि कोण डोळे पुसत गेलं, हे मला न विचारता कळतं.

गेल्या वर्षी नदीच्या वरच्या अंगाचा म्हातारा अपेनिसा दर मंगळवारच्या बसने तिच्याकडे येऊ लागला. आपल्या कुळाच्या जमिनीची हद्द त्याला लिहून ठेवायची होती. कोणत्या इवीच्या झाडापासून कोणत्या खडकापर्यंत, तिथून कुठे वळायचं, त्या खडकाला आजोबा काय म्हणत. दर खेपेला एक पान होई. सुखराजी म्हणे, काका, एक प्रत घेऊन जा. तो म्हणे, अर्धवट कागद घरात नको, सगळं झालं की एकदमच दे. नववं पान झालं आणि पुढच्या मंगळवारी तो आलाच नाही. त्याला झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

त्याच सुमारास तिचा लॅपटॉप सुरू व्हायला अर्धा तास घेऊ लागला. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाईंनी तिला लिनक्स नावाच्या सिस्टीमचा पेन ड्राइव्ह दिला. फुकट आहे, जुन्या मशीनवर छान चालतं, फक्त आधी आपलं सगळं काढून ठेवा, असं बजावून सांगितलं. सुखराजीने पत्रांचा आख्खा फोल्डर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून घेतला. मग इन्स्टॉल करताना पडद्यावर प्रश्न आला, डिस्क पूर्ण पुसायची का. तिने हो म्हटलं.

नवी सिस्टीम चढली, पण वाय-फाय दिसेना. दोन दिवस गिऱ्हाइकं परत पाठवून ती मशीनशी झगडत होती. कधी रीस्टार्ट, कधी माझ्या फोनवर शोधाशोध. शेवटी स्वतःचा फोन केबलने जोडून तिने त्यावरून इंटरनेट घेतलं, वाय-फायचा ड्रायव्हर उतरवला, त्यासोबत हवी-नको ती शंभर अपडेटही उतरवली. वाय-फाय लागलं तेव्हा तिने मला हाक मारून चहा पाजला.

चहा संपायच्या आत तिचा चेहरा उतरला. अपेनिसाचं काम चालू होतं म्हणून त्याच्या नऊ फाइली तिने हाताशी, डेस्कटॉपवरच ठेवल्या होत्या. फोल्डरमध्ये त्या कधी गेल्याच नव्हत्या.

तिने पुन्हा ग्रंथालय गाठलं. बाई म्हणाल्या, पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, वर नवीन काही लिहिलं गेलं की मगच जातं; आता ते मशीन अजिबात वापरू नका. सुखराजी परत येऊन माझ्या स्टुलावर बसली.

"म्हणजे पुसलं एकदा," ती म्हणाली, "आणि मग दोन दिवस मीच त्यावर ओतत बसले."

पुसलेल्या फाइली परत कशा काढायच्या, हे आठवडाभर ती शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर फक्त वाचत होती. मग वेगळ्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून तिने डिस्क चाळायचा प्रोग्राम लावला. तो दीड दिवस चालला. सहा हजारांवर फाइली निघाल्या, एकीलाही नाव नाही, नुसते आकडे. तीन आठवडे ती एकेक उघडत होती. कोणाचं लग्नाचं आमंत्रण, कोणाचा पासपोर्टचा अर्ज, मेलेल्यांची पत्रं. त्यातून अपेनिसाची पाच पानं सापडली, पहिली चार आणि सातवं.

ती पानं घेऊन ती नदीवरच्या गावी गेली. मला सोबत नेलं, एकटीला धीर नव्हता. अपेनिसाची मुलगी विलिमाइना हिने चटई घातली, उकडलेला दालोचा कंद आणला. सुखराजीने त्याला हात लावला नाही. आधी सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही सवलत न देता.

विलिमाइनाने दालोचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "दीदी, मागच्या महिन्यात सरकारी माणूस हद्द विचारायला आला होता. मी त्याला ठणकावून सांगितलं, आमचं सगळं लंबासात लिहून ठेवलंय."

"आता काय सांगशील?"

"ते मला नका विचारू. ही पानं आधी बाबांना वाचून दाखवा."

अपेनिसा भिंतीला टेकून बसला होता. सुखराजीने चार पानं वाचली, त्याने डोळे मिटून ऐकली. पाचवं पान नव्हतं, तिथे ती थांबली, तेव्हा त्याने डोळे उघडले. तोंडाशी बरीच झटापट झाल्यावर एक शब्द निघाला, वाई. पाणी.

"आमच्या जमिनीत तीन ओढे आहेत," विलिमाइना म्हणाली. तिने तिन्हींची नावं घेतली. दुसऱ्या नावाला त्याने डावा हात उचलला.

त्यानंतर सुखराजी महिन्यातून दोनदा जात राहिली. मुलगी नावं घेई, तो हात उचले किंवा उचलत नसे. असं करत पाचवं आणि सहावं पान उभं राहिलं, मूळच्यापेक्षा बरंच तुटक. आठव्याच्या मध्यावर तो गेला, नववं राहूनच गेलं. खडकांची जुनी नावं आठव्या पानात होती, ती विलिमाइनाला कोणी सांगितलेली नव्हती.

लिनक्स आता सुखराजीच्या मशीनवर सुरळीत चालतं. गिऱ्हाईक अर्धं काम टाकून उठलं, तरी ती झालेल्या पानाची प्रत हातात दिल्याशिवाय त्याला सोडत नाही. कोणी कुरकुरलं तर कारण सांगत नाही. विलिमाइना बाजारात आली की तिच्याशी बोलते, पण टेबलापाशी बसत नाही.