तारेच्या टोकाचं टोपण

बोनकोड्याची आमची भातशेती नव्या शहरासाठी गेली आणि तिच्या बदल्यात मला एका रसायन कारखान्यात स्टोअर क्लार्कची नोकरी मिळाली. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा तिथे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यामागून हेड ऑफिसचा सिस्टिमवाला साहेब आला. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून ‘आहे’च्या जागी ‘हाय’ निघालं. तो मॅनेजरला म्हणाला, “यांनाही कॉम्प्युटर द्यायचा?” मी समोरच उभी होते.

टेबलांमागून जाणारी ती काळी तार कशाची, असं मी एकदा साहेबाला विचारलं. “बाई, तुम्ही बटणं दाबा. आत काय चालतं ते तुमच्या कामाचं नाही.”

मॅनेजरला मात्र तो माझ्याच टेबलाशी उभा राहून तासभर समजावत होता. मला शॉर्टहँड येत होतं. मान खाली घालून मी सगळं उतरवून घेतलं. पाचही कॉम्प्युटर एकाच काळ्या तारेवर. फायली सांभाळतो तो सर्व्हर, बाकीचे त्याच्याकडे मागणारे. प्रत्येकाला आपला पत्ता. निरोपाचे तुकडे होतात, ते तारेवर सगळ्यांपुढून जातात, पण ज्याचा पत्ता तोच उचलतो. दोघं एकदम बोलले की निरोप धडकतात. मग थोडं थांबून पुन्हा पाठवायचं. तारेच्या दोन्ही टोकांना टोपण पाहिजे, नाहीतर निरोप टोकावरून उलटे फिरतात आणि सगळं नेटवर्क बसतं. दोन्ही टोपणं जागेवर असतील तर मीटरवर पंचवीस ओहम दिसतात, एक निघालं तर पन्नास.

एका सोमवारी सगळे कॉम्प्युटर अडकले. साहेब थेट माझ्याकडे आला. “पाय लावला असणार हिने. चपला काढून बसायची सवय ना.” अख्खं ऑफिस ऐकत होतं.

तो टेबलाखाली तार चाचपत बसला. जेवायच्या सुट्टीत मी वर्कशॉपच्या इलेक्ट्रिशियनला मीटर घेऊन बोलावलं. “पन्नास दाखवतोय,” तो म्हणाला. म्हणजे एक टोपण गेलेलं. एक टोक सर्व्हरपाशी होतं, तिथे टोपण होतं. दुसरं साहेबाच्या केबिनमध्ये. शनिवारी त्याने टेबल खिडकीकडे सरकवून घेतलं होतं. मागे वाकून पाहिलं तर तारेचं टोक उघडं, आणि टोपण त्याच्या पेन ठेवायच्या ट्रेमध्ये. मी ते बसवलं. बाहेर कॉम्प्युटर चालू झाले.

तेवढ्यात साहेब दारात आला. “माझ्या केबिनमध्ये कुणाला विचारून?”

“तुमीच काढलं होतं,” मी म्हणाले. “माझा पाय इथवर पोचत नाही.”

संध्याकाळी मला मेमो मिळाला: परवानगीशिवाय यंत्राला हात लावला. मी मराठीत दोन पानी उत्तर दिलं. पत्ता, तुकडे, टोपण, पन्नास ओहम, त्याची केबिन, सगळं लिहिलं. मॅनेजरने वाचलं, फाईलला लावलं. मेमो रद्द केला नाही, पण नेटवर्क बंद पडलं की तो मला बोलावू लागला. साहेब मग खोलीबाहेर जाऊन उभा राहायचा.

दोन वर्षांनी त्याची बदली झाली. निरोपाच्या भेटवस्तूसाठी वर्गणीचा कागद फिरला. माझ्या नावापुढे रकमेच्या जागी मी रेघ मारली आणि तो पुढच्या टेबलावर सरकवला.