खालची फांदी

अंजूरच्या आमच्या गोडाऊनसमोर सिमेंटचं मोकळं अंगण आहे. झाडू मारता मारता बुधीमावशी त्याच्या मधोमध आली की कमरेत वाकायची, चार पावलं तशीच जायची आणि मग सरळ व्हायची. वर तर नुसतं आभाळ! वॉचमन हसायचा. एकदा मी विचारलंच.

"फांदी लागंल ना डोक्याला," ती म्हणाली. मी पुन्हा वर पाहिलं.

गोडाऊन व्हायच्या आधी तिथे शेत होतं आणि बांधावर करंजाचं झाड. दिघाशीहून ती लावणीच्या मजुरीला यायची. चारही पोरांची झोळी तिने त्याच करंजाच्या खालच्या फांदीला बांधलेली. अजूनही उन्हाळ्यात अंगणातली तेवढी जागा ती झाडायचीच नाही. "फुलं पडल्यात, बाय."

मी तिथे पडद्यांच्या कापडाची डिझाइन काढते. म्हणजे, माझा भाऊ गेला आणि काढेनाशी झाले. कॉम्प्युटरवर जुनीच फुलं फिरवून द्यायची आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचं. आता आपल्या हातून कधीच काही उतरणार नाही, या भीतीने जीव अर्धा झाला होता.

मावशीने ते कसं हेरलं, कुणास ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत ती मला खाडीकडच्या एका करंजाखाली नेऊ लागली. वही उघडली की दटावायची, "कागद ठेव गो! आदी बग. मुंगी कुठून चढते, वारा कुठून येते, सांग मला." कितीतरी दिवस मी खोडाला पाठ टेकून नुसती बसले. मुंग्यांची वाट पाठ झाली, रात्री झोप लागू लागली, आणि एका दुपारी बोटं शिवशिवली.

काढलं मात्र अंगणातलं झाड. मावशी सांगत गेली, मी खोडत गेले. "अजून खाली घे. पोर रडली तं बसल्या बसल्या झोका देता यायचा." फांदी जमली तेव्हा तिने कागदावर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मी चित्र तिला देऊ केलं.

"मला कशाला? तुला दिसत न्हाय म्हून तू काडलंस. माजं तं हाय तिथं."

आषाढात मावशी तापाने गेली. दिघाशीहून निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन मी अंगण ओलांडत होते. वॉचमन धावत आला.

"क्या हुआ मॅडम? कमर में दर्द है?"

तेव्हा कळलं, मी वाकले होते. सरळ व्हायची हिंमत होईना. चार पावलं तशीच गेले आणि फांदी संपल्यावर मान वर केली.