मोटारीच्या तोंडावरची पाटी

मोटार हाकणाऱ्याजवळ किस्से आपोआप साचतात. त्याचा निम्मा जन्म बंद पडलेल्या मोटारीशेजारी उभं राहण्यात जातो, आणि बंद मोटार दिसली की रस्त्यानं जाणारा प्रत्येक शहाणा थांबतो, बॉनेटवर हात ठेवतो आणि रोग सांगतो. माझ्याजवळ असे शहाणे पोत्यानं साठलेत.

निजामाच्या अमलात मी तलवाड्याजवळच्या एका देशमुखांचा ड्रायव्हर होतो. सगळे त्यांना सरकार म्हणत. मोटार हैदराबादेहून आणलेली, दोन नवाबांनी वापरून टाकलेली. ती दारात आली त्याच दिवशी सरकारांनी तिच्या तोंडावर, थेट रेडिएटरच्या जाळीवर, परातीएवढी पितळी पाटी ठोकून घेतली. पाटीवर उर्दूत त्यांचं नाव, किताब आणि वतनाची गावं. त्या दिवसापासून मोटार दोन कोस गेली की तापायची आणि टोपणातून वाफ फेकायची.

सरकारांनी मला बजावून ठेवलं, "तालुकदारसाहेब दौऱ्यावर येतील त्या दिवशी मोटार तापली, तर तू घरी." जिल्ह्याचा सगळ्यात मोठा साहेब तो. आणि माझ्या घरची जमीन भावांनी वाटून घेतलेली, मला मोटारीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. खोटं कशाला सांगू, मी लई भ्यालो होतो.

*

पहिला इलाज वैद्यबुवांचा. सरकारांच्या पित्तावर त्यांचंच औषध चालायचं, म्हणून मोटारीवरही त्यांचाच हक्क. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि मला विचारलं, हिला खायला काय देता? मी म्हणालो, पेट्रोल. त्यांनी बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाले, "मग बराबर हाय. लई तिखट हाय हे."

उतारा म्हणून रेडिएटरात ताक ओतायचं ठरलं, तेही जिरं घालून. मी नको नको म्हणत होतो, पण सरकारांचा हुकूम. गेवराईच्या अलीकडेच मोटार उकळली. वैद्यबुवा स्वतः पुढे झाले आणि टोपण उघडलं. फाटलेलं ताक उडालं ते त्यांच्या उपरण्यापासून पगडीपर्यंत गेलं. सरकार घाबरून विचारायला लागले, काय झालं, काय झालं?

वैद्यबुवांनी तोंड पुसलं. "काई न्हाई. दोष भाईर पडला."

रेडिएटरातून जिरं काढायला मला आठवडा लागला.

*

मग भिवबा धनगर. हा मेंढरं घेऊन चालला होता आणि मी आपला रस्त्याच्या कडेला वाफ थांबायची वाट बघत बसलेलो. त्यानं मोटारीभोवती एक चक्कर मारली, समोर येऊन पाटीकडे बघितलं आणि म्हणाला, "मळणीच्या बैलावानी तोंडाला मुस्कं बांदलंय, आन वर पळिवताय. तिला वारं कुठून मिळंल?"

मला हसू आलं आणि मग हसू थांबलं. त्या मोटारीला बघून खरं बोललेला तो पहिला माणूस.

मीच मूर्ख, कौतुकानं हे वाड्यावर बोललो. सरकारांना राग आला. आमच्या नावाला मुस्कं म्हणतो? त्यांनी हुकूम काढला, यंदा भिवबाची मेंढरं आमच्या रानात बसवायची नाहीत. भिवबानं मान डोलावली आणि कळप शेजारच्या रानात बसवला. त्या साली लेंडीखत शेजाऱ्याला मिळालं आणि त्याची ज्वारी माणूस लपेल एवढी झाली. सरकारांच्या रानात तुरी होत्या, त्या गुडघ्याच्या वर गेल्या नाहीत.

*

औरंगाबादेहून एक मिस्त्री बोलावला. खरा कारागीर माणूस. त्यानं दोन दिवस पंप खोलला, पंख्याचा पट्टा ताणला, पाण्याच्या नळ्या धुतल्या, सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी तो पाटीसमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ बसून राहिला. सरकारांना त्यानं जाऊन सांगितलं की ही विलायती मशीन आहे, तिला इकडची हवा मानवत नाही. सरकार खूश झाले. एवढ्या लांबची मोटार आपल्याकडे आहे, हे त्यांना नव्यानं कळलं!

जाताना मी त्याला फाटकापाशी गाठलं. तो हळूच म्हणाला, "मर्ज तो पैचान लिया मियाँ. मरीज का नाम लेने की हिम्मत नइँ."

*

सरकार एकदा परगावी लग्नाला गेले, दुसऱ्याच्या टांग्यातून. मी पाटी काढली, मोटार गेवराईला नेली आणि परत आणली. पाण्याला साधी वाफ नाही. बॉनेटवर हात ठेवून मी किती वेळ उभा होतो, मलाच माहीत नाही. मग पाटी होती तशी लावून टाकली.

सरकार आल्यावर धीर करून म्हणालो, पाटी मागच्या बाजूला लावली तर?

ते म्हणाले, "इंजन तापलं तर पाणी घालता येतं. नाव मागं गेलं तर काय घालशील बे?"

*

तालुकदारसाहेब आले ते ऐन वैशाखात. मागच्या सीटवर साहेब आणि सरकार, पुढे मी. तिसऱ्या कोसाला मोटारीनं वाफ सोडली आणि उभी राहिली. सरकारांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मनातल्या मनात गाठोडं बांधलं.

पण साहेबांना मोटारीतलं कळत होतं. ते उतरले, समोर आले आणि धुळीनं माखलेल्या त्या पितळेवर काठी वाजवून त्यांनी विचारलं, हवेची वाट कोणी बंद केली?

सरकारांनी माझ्याकडे बोट केलं. "ये हमारा ड्रायवर, हुजूर. गँवार आदमी है."

साहेब म्हणाले, असल्या माणसाला आजच्या आज काढा.

मी पाटी सोडवली, पाणी बदललं, मोटार फिरवून चालू करायचं हँडल सरकारांच्या पायाशी ठेवलं आणि साहेबांना सलाम केला. मी चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेला, पण म्हणालो, "जातो हुजूर. फकस्त येवढंच इचारतो. मला वाचता येत न्हाई. मी नाव कुणाचं लावलंय, तेवढं सांगा."

साहेबांनी रुमाल काढून पाटी पुसली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पाटी चांगली आठ ओळींची होती.

दुसऱ्या ओळीला सरकारांनी वाकून हँडल उचललं, माझ्या हातात दिलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "मोटार चालू कर बे. लौकर."