अणुबॉम्बाचं आवतण

असोद्याच्या भाईदासला उभ्या आयुष्यात गावाने पुढची खुर्ची दिली नव्हती. ती त्याला अणुबॉम्बाने मिळवून दिली.

मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि टीव्हीवर एक तज्ज्ञ सांगून गेला, की वेळ आलीच तर जाड भिंतींच्या, बिनखिडकीच्या खोलीत बसावं. गावात तशी खोली एकच, भाईदासची केळी पिकवायची. ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घालताना त्याच्या बायकोने, कुंदाबाईने, ही गोष्ट शेजारणींच्या कानावर घातली आणि दिवेलागणीपर्यंत निम्मं गाव भाईदासला 'नाना' म्हणू लागलं.

ग्रामपंचायतीचा शिपाई नवल पाहणीला आला. केळीचे कॅरेट बाहेर काढले तर किती माणूस मावेल, दाराशी कोण, पाणी कोण भरणार, सगळं ठरलं. शेवटी त्याने भीतभीत विचारलं, की केळी पिकवायच्या त्या गॅसचं काय.

"बंद ठेवू," भाईदास गंभीरपणे म्हणाला. "नाही त चौथ्या दिवशी सगये पिवये होऊन निंघतीन."

गावाची सोय झाली, पण भाईदासचा घास उतरेना. कारण भिकुबाई काकू. आई गेल्यावर याच चुलतीने त्याला वाढवलं होतं आणि त्याच्या मुलीच्या, ऋतिकाच्या, लग्नापासून तीच त्याच्याशी बोलत नव्हती. भावकीला जेवायला बोलवायचं तर यजमानाला दोनदा जावं लागतं. आधी आवतण, मग पानं मांडली की बोलावणं. भाईदास आवतण देऊन आला आणि मांडवाच्या गडबडीत बोलावणं विसरला. काकू नवं लुगडं नेसून दारात बसून राहिली आणि संध्याकाळी घरचीच भाकरी खाऊन निजली. देशोदेशींच्या करारांत एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, असं लिहिलेलं असतं म्हणे. इथे एकीचं बोलावणं राहिलं, की सगळ्या भावकीचं राहिलं. त्या दिवसापासून भाईदासच्या दारात काकूच्या बाजूचं कुणी आलं नव्हतं.

जग बुडायची वेळ आली आणि काकू बाहेर राहिली, तर आत बसून तरी काय करायचं? भाईदास उठून गेला. काकू डाळ निवडत होती. दारातूनच त्याने सांगितलं, की बॉम्ब पडला तर आमच्या खोलीत यायचं.

काकूने सुपातून मान वर केली नाही. "हे आवतन झालं. बलावनं?"

"ते बाम्ब पडायच्या टायमाले धाडीन."

"तव्हा तुले याद राहीन?"

राहील, असं तो म्हणाला, पण त्याचं त्यालाच ते खरं वाटलं नाही.

दोन दिवसांत लढाई थांबल्याची बातमी आली. गावाने निःश्वास सोडला आणि सकाळपर्यंत नानाचा पुन्हा भाईदास केला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याला खात होतं ते वेगळंच. बॉम्ब नाही म्हणजे बोलावणं नाही, आणि बोलावणं नाही म्हणजे काकूचा हा दुसरा अपमान. या पेचावर टीव्हीवरचे तज्ज्ञ काहीच बोलत नव्हते.

कुंदाबाई बोलली. लढाई त्यांनी थांबवली, आवतण तर आपण दिलं ना, म्हणत तिने वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी केली. पानं मांडून होताच भाईदास अनवाणीच निघाला. उन्हाने तापलेल्या रस्त्यावर त्याची चाल नाचल्यासारखी दिसत होती. लोक हसले.

"काकू, पानं मांडली. चाल."

"बाम्ब पडला का?"

"नाही."

काकू गुडघ्यावर हात टेकून उठली. "मंग येते. बाम्बासाठी मी आलीच नसती."

जेवताना तिने भाजीला मीठ कमी असल्याचं दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा भाजी मागून घेतली. मग खोली दाखव म्हणाली. भाईदासने दार उघडलं. आतला गारवा अंगावर घेत काकूने केळीच्या कॅरेटच्या रांगा पाहिल्या, भिंतीवर थाप मारून पाहिली.

"बरी हाये," ती म्हणाली. "पुढच्या लढाईले जरा लवकर बलावजो. मांगून आलं की भिंतीजवळची जागा भेटत नाही."